अजगराची पेटी : सुतार आणि काचवाल्या कारागिरांसाठी चार गोष्टी



आम्ही कापडाच्या धंद्यातले. सापाच्या पेटीशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. पण या पानाचा हेतू एकच आहे की, आपल्या हुनरमंद बांधवांना जगात कोठे कोणत्या कामाला मागणी आहे, ते काम कसे होते आणि त्यात नफ्याबरोबर जोखीम किती, हे समजावे. आपले कितीतरी सुतार, काचवाले, वायरमन आज मुंबईत, आखातात, ब्रिटनमध्ये काम करीत आहेत. गिऱ्हाईक दाखवील ते माप घ्यायचे आणि वस्तू बनवून द्यायची, ही आपली सवय. पण काही वस्तू अशा असतात की त्या बनविण्याआधी आत काय ठेवणार, हे विचारणे कारागिराचे फर्ज ठरते. मोठ्या सापाची पेटी ही त्यातलीच एक वस्तू होय.

हा शौक कोठला?

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या देशांत घरात साप पाळणारे लोक पुष्कळ आहेत. लहान सापांचे सोडून देऊ. पण बर्मी अजगर, जाळीदार अजगर, बोआ असे मोठे सापही तेथे पाळले जातात. बोआ साधारण सहा ते दहा फूट होतो. बर्मी अजगर दहा ते सोळा फूट, आणि क्वचित त्याहूनही लांब. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात २०२३ साली १९ फूट लांबीचा बर्मी अजगर पकडला गेला. एवढ्या जनावरासाठी दुकानात तयार पेटी सहसा मिळत नाही, मिळाली तर फार महाग पडते. म्हणून तेथले शौकीन स्वतः प्लायवूड आणून घरीच पेटी ठोकतात किंवा एखाद्या सुताराकडून करवून घेतात.

यात पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती वाढीची. बर्मी अजगराचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा दोन फुटांच्या आत असते. नीट खायला मिळाले तर दोन-तीन वर्षांत ते आठ-दहा फुटांचे होते आणि पुढे वीस वर्षे जगू शकते. गिऱ्हाईक पिल्लू दाखवून चार फुटांची पेटी मागतो. समजदार कारागीर त्याला तेथेच सांगतो, "भाईसाहेब, ही पेटी दोन वर्षेही पुरणार नाही. मोठ्या पेटीची जागा आणि पैसा आहे का, ते आधी पाहा."

मापाचा हिशेब

पूर्वी असे मानीत की साप गुंडाळी करून पडून राहतो, त्याला जागा कशाला? आता जाणकारांचे मत बदलले आहे. सापाला पूर्ण लांब होऊन पडता आले पाहिजे, असे ब्रिटनमधील प्राणिरक्षण संस्था सांगतात. जर्मनीत तर १९९७ सालीच सरकारी मार्गदर्शनात पेटीची मापे सापाच्या लांबीच्या पटीत देण्यात आली. म्हणजे पेटीचे माप खोलीच्या कोपऱ्यावरून ठरत नाही, जनावरावरून ठरते.

समजा पेटी आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच करायची आहे. सुताराला हे माप सोयीचे, कारण प्लायवूडचा ताव आठ बाय चारचाच येतो. तळाला एक ताव, छताला एक, पाठीला एक, आणि दोन बाजूंचे चार बाय चारचे तुकडे मिळून एक. झाले चार ताव. पुढची चौकट वेगळी. अठरा मिलिमीटर जाडीचा एक ताव तीस ते पस्तीस किलो भरतो. चार तावांचे सव्वाशे किलोच्या वर वजन झाले. पुढे सहा मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, प्रत्येकी चार बाय तीन फूट, एकेक सोळा-सतरा किलोची. म्हणजे रिकामी पेटीच पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. बारा फुटांच्या अजगराला ही पेटीसुद्धा मोकळी नव्हे, कामचलाऊच म्हणायची. लांबी वाढवता आली तर वाढवावी.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ही पेटी कारखान्यात जोडून नेली तर घराच्या दरवाजातून आत जाणार नाही. म्हणून ती सुट्ट्या भागांची करावी आणि खोलीतच बोल्टने आवळावी. दुसरी, खालची चौकट पलंगाच्या नव्हे, कपाटाच्या हिशेबाने मजबूत असावी आणि पेटी वरून भिंतीला धरलेली असावी. अजगर काचेला टेकून अंग वर उचलतो तेव्हा त्याचे सारे वजन एका बाजूला येते.

लाकूड, काच आणि रंग

पेटीत दमटपणा ठेवावा लागतो, पाण्याचे मोठे भांडेही असते, ज्यात अजगर उतरून बसतो. म्हणून साधे पार्टिकल बोर्ड घेऊ नये. पाणी लागताच ते फुगते, स्क्रू पकड सोडतात आणि एके दिवशी सबंध बाजू बाहेर येते. पाण्याला टिकणारे चांगले प्लायवूड घ्यावे. परदेशात आता पीव्हीसीचे जाड तावही वापरतात. ते हलके, न कुजणारे आणि धुवायला सोपे असतात.

सीडर जातीचे सुगंधी लाकूड आत मुळीच लावू नये. त्याच्या तेलाची वाफ सापाला अपाय करते. कपड्यांच्या पेटीत असले लाकूड आम्ही कसरीपासून बचावासाठी पसंत करतो, पण जे कापडाला चांगले ते जनावराला चांगले असेलच असे नाही.

आतून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन-चार हात द्यावेत. कोपऱ्यांचे सांधे सिलिकॉनने भरावेत. सिलिकॉन मत्स्यपेटीला चालणारे घ्यावे, बुरशीनाशक औषध मिसळलेले नको. सिलिकॉनचा आंबूस वास आणि व्हार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला येथे ठाम नकार द्यावा. साप ओरडत नाही, खोकत नाही. वासाने त्याची छाती भरली तरी तो सांगणार नाही.

काच टफन केलेलीच वापरावी. साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. आणि पुढच्या भागी बारीक तारेची जाळी लावू नये, कारण साप बाहेर पडण्यासाठी नाक घासत राहतो आणि जाळीवर त्याचे तोंड सोलून निघते.

दरवाजा वरून उघडणारा नसावा, पुढून असावा. रानात सापाचे बरेच दुश्मन वरून झडप घालतात. वरून हात आला की तो घाबरतो आणि घाबरलेला साप चावतो.

ऊब देण्याची रीत

सापाचे रक्त आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. अंग तापवायचे असेल तर तो उबेकडे जातो, थंड करायचे असेल तर सावलीला सरकतो. म्हणून सबंध पेटी एकसारखी गरम करणे चूक आहे. एक टोक उबदार आणि दुसरे टोक थंड असे दोन भाग हवेत. बर्मी अजगरासाठी उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि थंड टोकाला २५-२६ अंश असा हिशेब ठेवतात. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोका हवा, नाहीतर साप ऊब सोडून लपायलाच बसतो किंवा लपणे सोडून तापायला बसतो.

उष्णतेसाठी चिनी मातीचा हीटर किंवा छताला बसणारा सपाट हीटर लावतात. हीटरला चारी बाजूंनी तारेचा पिंजरा आवश्यक आहे. साप गरम वस्तूला विळखा घालून बसतो, कातडी भाजली तरी लवकर हटत नाही आणि जखमा आठवड्यांनी दिसतात. हीटर थेट वीजपुरवठ्याला जोडू नये, मध्ये थर्मोस्टॅट हवाच. त्याची कांडी साप ओढणार नाही अशी पक्की बसवावी. कांडी निघून थंड कोपऱ्यात पडली तर यंत्राला वाटते पेटी गार आहे, हीटर चालूच राहतो आणि जनावर भाजून मरते. लाकडाची बंद पेटी, आत हीटर आणि शेजारी पाणी. आग आणि शॉक दोन्हींचा धोका असल्याने वायरिंग जाणकार वायरमननेच करावी.

हवेसाठी थंड बाजूला खाली आणि उबदार बाजूला वर अशी भोके ठेवावीत. गरम हवा वर जाऊन बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत येते. पेटी तयार झाल्यावर पाच-सात दिवस रिकामी चालवून दोन्ही टोकांचे तापमान दिवसा आणि रात्री लिहून ठेवावे. हिशेब बरोबर आला तरच जनावर आत सोडावे.

कुलूप : येथे जीव अडकलेले आहेत

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अजगराचे सारे अंग म्हणजे स्नायू. डोके शिरेल एवढी फट सापडली की तो दाबत राहतो, रात्रभर दाबत राहतो. ढिला स्क्रू, वाकलेली पट्टी, खिळ्याने ठोकलेली जाळी यांची परीक्षा तो रोज घेतो. दोन घटना सांगतो. दोन्ही जाहीर आहेत आणि दोन्हींत साप हे अर्धेच कारण होते.

जुलै २००९ मध्ये फ्लोरिडात एका घरात पाळलेला, सुमारे साडेआठ फुटांचा बर्मी अजगर रात्री बाहेर आला आणि त्याने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. साप काचेच्या टाकीत होता, पण टाकीला खरे झाकण नव्हते. वर गोधडी टाकून ती बांधलेली होती. मुलीची आई आणि तिचा जोडीदार यांना २०११ साली शिक्षा झाली. आमची सारी उमर कापडात गेली. कोणते कापड किती ताण सोसते हे आम्हाला हाताने कळते. अजगराला रोखील असे कापड बाजारात नाही.

दुसरी घटना ऑगस्ट २०१३ ची, कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेलटन गावची. प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात आफ्रिकन रॉक जातीचा अजगर मोठ्या बंदिस्त जागेत ठेवला होता. तो हवेच्या नळीत शिरला, छतातून सरकत दुसऱ्या खोलीवर आला आणि खाली कोसळला. तेथे चार आणि सहा वर्षांचे दोन सख्खे भाऊ झोपलेले होते. दोघेही गेले. मालकावर खटला झाला, २०१६ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. पण कायद्याने सुटणे वेगळे आणि गेलेली मुले परत येणे वेगळे. त्या जागेला भिंती होत्या, काच होती, दरवाजा होता. उणीव राहिली ती एका नळीच्या तोंडाची.

म्हणून कारागिराने हे नियम पाठ करावेत. हवेची भोके लहान ठेवावीत आणि प्रत्येकावर भोके पाडलेला पत्रा स्क्रूने, वायसरसह, आतून बसवावा. इमारतीची हवेची नळी पेटीच्या आत कधीही उघडू नये. सरकत्या काचांना शोकेसचे दातेरी पट्टीचे कुलूप बसते, ते आपल्या सोनार आणि कापड दुकानदारांना परिचित आहे. लहान सापाला ते चालते. मोठ्या अजगराला मात्र बिजागरीचा मजबूत दरवाजा, वर-खाली कडी आणि शिवाय किल्लीचे कुलूप, अशी तिहेरी व्यवस्था हवी. बिजागरीचे स्क्रू आरपार बोल्टचे असावेत. पेटीची खोलीसुद्धा बंद होणारी असावी, म्हणजे पेटी चुकली तरी खोली अडवते. आणि घरात लहान मूल असेल तर आमचे मत स्पष्ट आहे, असे काम हाती घेऊ नये. आठ फुटांवरचा अजगर हाताळताना दुसरा जाणता माणूस जवळ असावा, असा नियम परदेशातले अनुभवी शौकीनसुद्धा पाळतात.

सोडून दिलेले साप

पेटी अपुरी पडली की कित्येक मालक साप रानात सोडून देतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ जंगलात असेच घडले. त्यात १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात तेथील अजगर पैदास करणारी एक इमारतही उद्ध्वस्त झाली. २००० सालापर्यंत बर्मी अजगर तेथे वस्ती करून पिल्ले घालीत असल्याचे मान्य झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या जंगलातील रॅकून नावाचा प्राणी ९९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने बर्मी अजगर परदेशातून आणण्यावर बंदी घातली आणि २०२१ साली फ्लोरिडाने तो घरी पाळण्यास मनाई केली. एका शौकाने सबंध जंगल रिकामे होते, ते असे.

आपल्या देशाचा कायदा

हा भाग आपल्या बांधवांनी दोनदा वाचावा. आपला देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. त्याच कायद्यात गुन्ह्याला जाणूनबुजून मदत करणाराही गुन्हेगार धरला जातो. म्हणजे आत देशी अजगर जाणार हे माहीत असताना पेटी बनवून देणारा सुतार, "मी तर फक्त लाकूड कापले" असे म्हणून सुटेल, या भरवशावर राहू नये.

परदेशी सापांचे म्हणाल, तर २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी जनावर बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. जगातील सारे अजगर आणि बोआ या करारात येतात. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही गिऱ्हाइकाचे असे काम घेऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाजवळ बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. चोरीच्या मालाला पेटीही चोरून लागते आणि ती मागायला माणूस आपल्याच गल्लीत येतो.

आखातातही समज बाळगावी. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ च्या कायद्याने रानटी आणि धोकादायक जनावरे घरी पाळण्यास मनाई आहे. तेथे अशा पिंजऱ्याचे काम आले तर आधी मालकाची परवानगी तपासावी, मग मोजपट्टी काढावी. परदेशात एकदा कागद बिघडले तर रोजीही जाते आणि व्हिसाही.

मग हलाल काम कोणते?

हुनर वाया घालवावा असे आम्ही म्हणत नाही. ब्रिटनमध्ये बर्मी अजगर पाळण्याला परवाना लागत नाही, पण २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने जनावराला योग्य जागा देणे मालकावर बंधनकारक आहे. तेथे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे काम सरळ मार्गाने मिळू शकते. आपल्याकडे पुण्याच्या कात्रजचे सर्पोद्यान १९८६ पासून आहे, मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, ठिकठिकाणी प्राणिसंग्रहालये आणि जखमी जनावरांची केंद्रे आहेत. अशा संस्थांत काच बदलणे, दरवाजे, कुलपे, उबेची सोय ही कामे निघतच असतात. ज्याला वर सांगितलेला हिशेब कळतो, तो निविदा भरताना चार पावले पुढे राहील.

शेवटी दीनाची एक गोष्ट. मांजर कोंडून ठेवून तिला ना खायला दिले, ना सोडले, म्हणून एका बाईवर अजाब आला, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. साप पाळावा की नाही, याचा मसला उलेमांना विचारावा. तो आमचा अधिकार नाही. पण बंद केलेला जीव ही अमानत आहे, एवढे तर प्रत्येकाला कळते. मालक पेटीत जनावर ठेवतो, पण कोंडण्याच्या भिंती आपण बनवतो. त्या तोकड्या असतील तर आतला जीव तडफडतो, कच्च्या असतील तर बाहेरचा जीव जातो.

तात्पर्य, ऑर्डर घेताना पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : जनावर कोणते, पूर्ण वाढीला किती मोठे होणार, नोंदणी वा परवानगीचा कागद आहे का, घरात लहान मुले आहेत का, आणि वायरिंग कोण करणार. पाचांपैकी एकाचेही उत्तर गोलमाल आले तर सलाम करून उठावे. एक ऑर्डर गेल्याने दुकान बंद पडत नाही. रोजी देणारा अल्लाह आहे, आणि त्याने हलाल कामाचे दरवाजे पुष्कळ ठेवले आहेत.